पीळ

माझं काम एवढंच होतं: कॅमेरा धरायचा,
क्षितिज आडवं ठेवायचं.
"क्षितिज, ब्राइस," डॉक्टर इरिया दर मिनिटाला म्हणायच्या,
जणू आम्ही होडीत बसलो होतो.

रात्रीचे पावणेतीन. आ कोरुन्याचं इस्पितळ.
बाहेर वायव्येचा वारा खाडीवरून शिट्ट्या घालत येतोय.
टेबलावर दोरिंडा, वय एकोणपन्नास, गाव माल्पिका,
धंदा: मासेमारीची जाळी सांधणं.
चौदा महिन्यांपूर्वी तिचं जठर आम्हीच लहान केलेलं,
अंड्याएवढं.
तेव्हापासून बावन्न किलो गेले.
एक अख्खी बाई गेली, असं ती स्वतः सांगायची,
आणि जाताना माझे चांगले बूटही निकामी करून गेली.
पावलंसुद्धा बारीक झाली होती तिची.

गेले तीन आठवडे जेवण झालं की कळ यायची,
जाळ्यावर ओणवी बसली की जायची.
गावच्या दवाखान्यात म्हणाले, गॅस.
नणंद म्हणाली, नजर लागली, एवढी बारीक झालीस ती.
सीटीत शेवटी भोवरा दिसला:
रक्तवाहिन्या एकीभोवती एक,
मोरीतून उतरणाऱ्या पाण्यासारख्या.

बेंबीपाशी एक छिद्र, बाजूंना आणखी तीन,
शर्टाच्या काजाएवढी.
वायू भरला, पोटाचा तंबू उभा राहिला,
आणि मी दिवा घेऊन आत शिरलो.

आत काय असतं ते मला शिकवलं होतं.
नसलेलं कसं दिसतं, ते नव्हतं.
आतड्याच्या पडद्यामागे जिथे मेद
जागा अडवून, कुणाला न विचारता बसलेला असायचा,
तिथे फट होती.
या फटीला एका जर्मन सर्जनचं नाव आहे.
माणसं कशाकशाला आपलं नाव देतात.
मागच्या वेळी ती शिवलीही होती आम्ही.
मेद वितळला, टाके सैल पडले,
अर्धंअधिक आतडं निमूट
पलीकडे निघून गेलं.

आतडं पिळवटलं, म्हणतात ना,
ते इथे नुसतं म्हणणं नव्हतं.
सुंभ जळला होता. पीळ तसाच होता.

डॉक्टर इरियांनी घाई केली नाही.
जिथे काहीच बिघडलं नव्हतं तिथून सुरुवात केली,
अपेंडिक्सच्या शेजारून,
एक चिमटा पुढे, एक मागे, वीतभर, पुन्हा वीतभर,
गुंता सोडवताना जसं गाठीला हात न लावता
मोकळ्या टोकाकडून यावं.
कुणी बोलत नव्हतं.
एरवी फुटबॉलवर न थांबणारा भूलतज्ज्ञसुद्धा.

आणि एकाएकी ते सुटलं.
करडं-जांभळं, ओल्या पाटीसारखं.
गरम सलाइन. "पाच मिनिटं वाट पाहू."
पाच झाली. नर्स म्हणाली, सात.
मग एका कडेला गुलाबी आलं,
आणि एक लहर, आळसावलेली,
पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेली.
"चाललं," इरिया म्हणाल्या.
फट शिवायला बावीस मिनिटं. न विरघळणारा धागा.

तिसऱ्या दिवशी दोरिंडाने पोटावरच्या चार पट्ट्या मोजल्या.
"एवढ्याशा भोकांतून? गाठ कुठली मारलीस?"
मी नाही, डॉक्टरांनी.
"ते नाही विचारलं."
चादरीच्या कडेचा दोरा उपसून तिने
गाठ मारून दाखवली, ओढून बघ म्हणाली,
समुद्राच्या बापाला सुटत नाही.
माझ्याकडून तीनदा करून घेतली.
तिसरीही चुकली.

मग खिडकीकडे बघत म्हणाली,
"आणि ती जागा? आता तिथे काय आहे?"
टाके आहेत, म्हणालो.
तिने मान हलवली, पटल्यासारखी नाही,
आणि सूप मागितलं.
कोमट. चमच्याने. सावकाश.